रघूचा पार्ट

चंद्रपूरच्या बसस्टँडवर मुतारीच्या भिंतीला लावलेल्या नाटकाच्या पोस्टरवर खुशाल मेश्रामने स्वतःचं नाव वाचलं. नाव बरोबर छापलं होतं, जागा चुकली होती. गुलाबी पातळ कागद, वर ठळक अक्षरांत ‘बांध फुटला, भाऊ तुटला’, तीन अंकी कौटुंबिक नाटक, मौजा बोरटोला, नागभीडजवळ, बैठक व्यवस्था उत्तम. त्याखाली वेलबुट्टीची चौकट आणि चौकटीत: उद्घाटक मा. खुशालजी मेश्राम साहेब, विदेशात शिकून आलेले इंजिनियर, यांचा सत्कार व निरोप. अगदी तळाला बारीक अक्षरांत नटांची नावं. रघू: दसरू शेंडे. खुशालने सगळं पुन्हा वरपासून वाचलं, दुसऱ्यांदा वाचल्यावर आपलं नाव चौकटीतून उतरून खाली रघूसमोर जाईल असं वाटत असल्यासारखं. ते गेलं नाही. साला लटारू, तो मनात म्हणाला. लटारू म्हणजे नाटक मंडळाचा सगळा कारभार पाहणारा, पोस्टर छापणारा, तंबू आणणारा, त्याच्याच वर्गात शिकलेला. दिवाळीत खुशालने त्याला सांगितलं होतं, या वर्षी मी नाटकात येतो. लटारू म्हणाला होता, “या ना साहेब, तुमच्याबिना कसं होईन?” त्या वाक्याचा अर्थ खुशालने आपल्या सोयीने लावला आणि तेव्हापासून क्वार्टरच्या न्हाणीघरात, अंगाला साबण लावता लावता, रघूची वाक्यं घोकत राहिला. तिशी ओलांडलेला माणूस, कोळसा खाणीतला अधिकारी, आणि रोज सकाळी बादलीजवळ मरायचा सराव करत होता. लाज वाटायला हवी होती, पण ती तेव्हा वाटली नाही, आता मुतारीसमोर वाटली.

रघू हा नाटकातला धाकटा भाऊ. मुखरूभाऊने, म्हणजे बोरटोल्याच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या सुताराने, हे नाटक स्वतः रचलं होतं आणि गावाला दुसरं कुठलं नाटक चालतच नसे. धानाची कापणी झाली, बांध्या, म्हणजे धानाची शेतं, कोरड्या पडल्या, की रिकाम्या बांधीत स्टेज उभं राहायचं, सासरी गेलेल्या पोरी यायच्या, व्याही-विहिणी बैलगाड्यांनी यायच्या, घराघरांत ओसरीपर्यंत पाहुणे झोपायचे. तिसऱ्या अंकात थोरला भाऊ बांधाच्या भांडणात रघूवर कुऱ्हाड चालवायचा, आणि रघू त्याच्याच मांडीवर मरता मरता म्हणायचा, दादा, बांध फोड, पाणी दोघाईचं आहे. मग बाया पदराला नाक पुसायच्या, म्हातारे खाकरायचे, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या भावाचं काम करणाऱ्याला विहिरीवर कुणी धड बोलायचं नाही. मॅट्रिकपासून परदेशी जाईपर्यंत रघू खुशालचा होता. तो सोव्हिएत युनियनमध्ये, युक्रेनच्या एका खाणशहरात शिकायला गेला आणि त्याच्यामागे रघू दसरूला मिळाला. दसरू त्याचा जिवाचा दोस्त, एका तळ्यात म्हशींबरोबर पोहलेला, नापास होऊन राइस मिलमध्ये पोती वाहायला लागलेला. मिळाला ते ठीकच होतं. कुणाला तरी मिळणारच. पण परत आल्यावर तो परत मिळेल असं खुशालने का धरून चाललं होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. माणूस गावाला जाताना खुंटीवर सदरा ठेवून जातो आणि आल्यावर तो घालतो, इतकं साधं त्याला ते वाटलं होतं.

बस मूल गाव सोडून सिंदेवाहीच्या जंगलाला लागली. खिडकीची काच बंद होत नव्हती, जानेवारीचा वारा कानात शिरत होता, आणि त्याला तिकडची थंडी आठवली, म्हणजे थंडी नव्हे, थंडीतला तो प्लॅटफॉर्म. शेवटच्या दिवशी सगळं होस्टेल स्टेशनवर आलं होतं. इथिओपियाचा तादेसे, जो सहा वर्षं त्याच्या खोलीत राहिला आणि त्याचे मोजे न विचारता घालत राहिला, त्याला खुशालने गंमत म्हणून एक शब्द शिकवला होता: भैताड. मुखरूभाऊचा शब्द, येड्या-खुळ्या माणसासाठी, पण माणूस आपला असला तरच. तादेसेने तो सगळ्या मजल्याला शिकवला. गाडी हलली तशी ती दहा देशांची पोरं बर्फात धावत, हातवारे करत, एका सुरात ओरडायला लागली, भैताड, अबे भैताड, आणि डब्यातल्या रशियन बायकांना वाटलं हे काहीतरी धार्मिक आहे. खुशाल हसला आणि मग तोंड खिडकीकडे करून ढसाढसा रडला. तेव्हा त्याने मनाशी म्हटलं, हे तर उसनं आहे, खरं तर तिकडे मिळेल. मुखरूभाऊ म्हणेल, अबे भैताड, कुठी मेला होता इतके वर्ष? सगळा परतीचा प्रवास त्याने हे वाक्य उशाला घेऊन केला.

आणि काय झालं? तो बोरटोल्यात उतरला, मुखरूभाऊच्या दारात गेला, आणि मुखरूभाऊ खाटेवरून उठून उभा राहिला. एवढंच झालं. ज्या माणसाने तालमीत त्याला लाथा घातल्या, गवताच्या गंजीमागे विडी ओढताना पकडून कानशील लाल केलं, तो माणूस त्याच्यासाठी उठला, गमछ्याने खाट झटकली आणि म्हणाला, “बसा जी.” खुशाल बसला. त्याला तेव्हाच पळून जायला हवं होतं. लटारू एका दिवसात साहेब म्हणायला लागला आणि त्यात त्याला मजाही वाटत होती, ओळखीचा साहेब असणं ही लटारूची कमाईच होती. एकट्या दसरूचं काही ठरत नव्हतं. तो मिलमधून धावत आला, अंगाला धानाचा कोंडा, “अबे” म्हणाला, आणि खुशालच्या बुटांकडे पाहून तिथेच अडकला. त्यानंतर वर्षभर दसरू त्याला काहीच म्हणत नव्हता, तू नाही, तुमी नाही, नुसतं जेवण झालं काय, गाडी केव्हा आहे, असं अधांतरी बोलायचा. खुशालची सगळी आशा त्या अधांतरावर टिकून होती. शिवाय दुसरी एक गोष्ट होती, जी तो शक्यतो आठवत नसे. तो तिकडे असताना त्याचा बाप गेला. आई आधीच गेलेली. तार पोचली तेव्हा तिकडे वसंत लागला होता आणि बापाची राखही उरली नव्हती. अग्नी दसरूने दिला. रघू त्याच्याकडे होताच, मुलाचंही काम त्यालाच दिलं असणार, असं खुशालच्या मनात आलं होतं, होस्टेलच्या जिन्यात तार हातात धरून, आणि त्या विचाराची त्याला अजूनही शरम वाटत नव्हती, उलट रागच येत होता.

पुढच्या आठवड्यात तो झांबियाला निघणार होता, तांब्याच्या खाणीत नोकरी. होकार कळवून झाला होता, पण होकार मोडता येतो. जाणं गावाला माहीत होतं, पण होकार मोडण्याचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशीही नीट बोलला नव्हता, पण बसमध्ये, गार वाऱ्यात, ते त्याच्यासमोर स्वच्छ उभं राहिलं: जाण्याआधी या गावाने त्याला एकदा शिवी द्यावी. एकदा कुणीतरी त्याच्यावर मनापासून खेकसावं. मग तो जाणार नाही, किंवा गेला तरी कुठून तरी गेलेला असेल. सत्काराची शाल घेऊन निघालेला माणूस कुठूनच निघालेला नसतो. त्याला हसू आलं. शेजारच्या बाईने पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

दुपारी तो पोचला तेव्हा बांधीत स्टेजचे खांब रोवले होते आणि विहाराच्या अंगणात शेवटची तालीम चालू होती. त्याच्यासाठी शाळेतली हातांची खुर्ची आणून ठेवलेली. बाकी सगळे जमिनीवर. कडेला बाया पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि मुखरूभाऊ पायऱ्यांवर, पायात टायरची जड चप्पल, हातात पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. त्या चपलेचा एक कायदा होता. तालमीत नटाच्या कामावर फक्त मुखरूभाऊने बोलायचं. दुसऱ्या कुणी, मग तो पाटील का असेना, ‘याचं असं चुकते’ म्हणून तोंड उघडलं की चप्पल यायची, आणि मुखरूभाऊचा नेम सुताराचा होता. खुशालला ती एकदा बसली होती, थोरल्या भावाला कुऱ्हाड कशी धरावी हे सांगायला गेला म्हणून. कान दिवसभर तापला होता. तिकडे होस्टेलात तो हा किस्सा नकलेसकट सांगायचा आणि सांगताना हात आपसूक कानाकडे जायचा.

“भाऊ,” तो म्हणाला, “रघूचं मरण मी एकदा करून पाहू काय?”

“पाहू काय म्हणजे?” मुखरूभाऊ म्हणाला. “तुमचंच आहे जी सारं. अबे सरका, साहेबाले जागा द्या.”

त्याने केलं. पहिल्या वाक्यातच त्याला कळलं की आवाज कुठेतरी भलतीकडून येतो आहे, वर्गात तोंडी परीक्षा देताना यायचा तसा. कुऱ्हाड बसली. तो कोसळला, म्हणजे आधी गुडघा टेकला, मग हात टेकला, मग पँटची इस्त्री सांभाळत आडवा झाला. थोरल्या भावाने त्याचं डोकं मांडीवर इतकं अलगद घेतलं जणू ते काचेचं होतं. दादा, बांध फोड, पाणी दोघाईचं आहे. अर्ध्यातच त्याला थुंकी गिळावी लागली. तो मेला आणि अंगणात टाळ्या वाजल्या. तालमीत टाळ्या. लटारू म्हणाला, “एक नंबर साहेब.” मुखरूभाऊने आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “चांगलं झालं.” इतक्या वर्षांत त्या तोंडातून तो शब्द खुशालने कधी ऐकला नव्हता. डोळे मिटून पडल्या पडल्या त्याला वाटलं, आता उठूच नये.

मग दसरू उभा राहिला. केसांत मिलचा कोंडा, खांदे पोत्यांनी वाकवलेले, एक डोळा बारीक. खुशाल खुर्चीत बसून पाहत होता आणि मनात म्हणत होता, वाईट कर, दसरू, तुझ्या आईची शपथ, वाईट कर. कुऱ्हाड उठली आणि दसरूने अंग चोरलं नाही, त्याने भावाकडे पाहिलं, एवढंच, हा आपलाच आहे असं पाहिलं, आणि पडला तो धपकन, खडे-मातीचा विचार न करता. बांध फोड, दादा. ते वाक्य त्याने मोठ्याने म्हटलंच नाही. शेंगा सोलणाऱ्या बायांचे हात थांबले. खुशालला एकदम दिसलं की त्याचा बापही असाच कुणाच्या तरी मांडीवर गेला असेल, आणि मांडी कुणाची होती हे त्याला माहीत होतं. त्याने रुमाल काढून घाम पुसल्यासारखं केलं.

“अबे भैताड,” मुखरूभाऊ गरजला, “मरून राह्यला का झोपून राह्यला? हात कुठी गेला तुहा? घरी बायकोजवळ झोपतं तसा झोपून राह्यला साल्या. ऊठ, पुन्हा मर.”

सगळे खो खो हसले. दसरू माती झटकत उठला, दात काढत, मार खाऊनही खूश असलेल्या माणसासारखा. आणि खुशालला भूक लागल्यासारखं झालं, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत बसवल्यासारखी भूक. वाईट काम केलं त्याला टाळ्या, आणि जीव ओतला त्याला शिव्या. या गावात शिवीच खरी मिळकत होती आणि ती सगळी दसरूच्या घरी चालली होती. मग त्याने ठरवलं. ठरवलं म्हणणंही जास्त होईल, तोंड उघडलं आणि शब्द बाहेर आले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

“भाऊ, दसरूले हे काम जमत नाई. सहा-सात वर्षं झाली, अजून जमलं नाई. लोक याच्या मरणाले रडत नाईत, कंटाळतात.”

आणि तो चपलेची वाट पाहू लागला. त्याने मानसुद्धा किंचित वळवली, कान पुढे केला. मुखरूभाऊचा हात पायाकडे गेला. खुशालचं काळीज इतकं जोरात उडालं की त्याला हसू फुटायच्या बेतात होतं. मुखरूभाऊने चप्पल काढली, उलटी केली, आत शिरलेला खडा झटकला आणि पुन्हा पायात घातली.

“साहेब म्हणून राह्यले तं बरोबरच असन,” तो म्हणाला.

“अरे, मस्करी केली मी,” खुशाल म्हणाला.

लगेच सगळे हसले, ऑफिसात त्याच्या विनोदाला हाताखालचे हसतात अगदी तसे, वेळेवर सुरू झाले आणि वेळेवर थांबले. दसरूही हसला, पण थांबायला त्याला थोडा उशीर झाला.

“मस्करीतबी खरंच बोलले जी तुमी,” मुखरूभाऊ म्हणाला. तो कुणाकडेच पाहत नव्हता. “मीबी पाहून राह्यलो होतो. थोरल्यापेक्षा धाकटाच म्हातारा दिसते. तुमच्या दोस्तीपायी बोलाले जमे नाई. चैतूले सारं पाठ आहे, थो करीन रघू.”

“भाऊ, ऐका माझं. दसरूच करेल. मी सांगतो ना.”

“तुमचं मन मोठं आहे. पण तुमी समोर बसान, अन् तुमाले जो आवडत नाई त्याले आमी उभा करू काय? गावाची इज्जत आहे जी.” मग तो दसरूकडे वळला, आणि आवाजात शिवी नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. “दसरू, तू गेटवर राह्यजो.”

लटारूने मान डोलावली. चैतू, जो आतापर्यंत भिंतीआडून वाक्यं पुरवत होता, अंग चोरत पुढे आला. दसरूने रघूचा सदरा काढला, लाल रंगाचे डाग पडलेला, आणि घडी करून त्याच्या हातात दिला. घडी करायला त्याला बराच वेळ लागला, बाही सारखी बाहेर येत होती. खुशाल खुर्चीत बसून होता. त्याला वाटलं उठावं, खुर्ची फेकून द्यावी, मुखरूभाऊच्या गळ्याला धरावं, म्हणावं, म्हाताऱ्या, तू खोटं बोलतोस, तुला माहीत आहे तू खोटं बोलतोस. पण साहेब ओरडले असते तर सगळे उठून उभे राहिले असते, एवढंच झालं असतं. या लोकांनी त्याला इतकं वर बसवलं होतं की तिथून दगड मारला तरी खाली तो फूल म्हणूनच झेलला जाणार होता. त्याला त्यांचा भयंकर तिटकारा आला. आणि त्याच वेळी, मनाच्या अगदी तळाशी, एक हलकंसं समाधान वाटत होतं की रघू आता दसरूचाही राहिला नाही. ते समाधान त्याने पाहिलं, ओळखलं आणि ढकललं नाही.

तेवढ्यात दसरूची बायको सुगंधाबाई चहाची किटली घेऊन आली. तिने सदरा चैतूच्या अंगावर पाहिला. कुणीतरी हळू आवाजात तिला सांगितलं.

“माहे मायबाप गाडी जुंपून आले,” ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. “लहान बहीण आली. तिचे सासरचे आले. आता त्याईले का सांगू?”

“सांग, साहेबाच्या मतानं झालं,” दसरू म्हणाला. “साहेब तिकडं शिकले. तिकडचे मोठमोठे नाटकं पाह्यले. त्याईले समजते.” त्याने तिच्या हातातून किटली घेतली, कप भरला, आणि सगळ्यांत आधी तो खुशालला आणून दिला, दोन्ही हातांनी.

खुशालने घेतला. चहा फार गोड होता, पाहुण्यांना करतात तसा. तालीम पुन्हा सुरू झाली, चैतू पडला, मुखरूभाऊ त्याला काहीबाही बोलला, शेंगांचा कोवळा वास येत होता. दसरू खुर्चीजवळ जमिनीवर बसला. पूर्वी ते असे तळ्याच्या पाळीवर बसायचे, खांद्याला खांदा लावून, ओल्या अंगाने. आता त्याचं डोकं खुशालच्या गुडघ्याच्या उंचीवर होतं आणि केसांतला कोंडा स्पष्ट दिसत होता.

“तुमी बरं केलं जी,” तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, रुसवा नव्हता, आणि त्यामुळे खुशालला पाणी अंगावर ओतल्यासारखं झालं. “कोणी तरी सांगाले पायजे होतं. इतके वर्ष कोणी सांगतलंच नाई. मले वाटे, लोक खरंच रडून राह्यले.”

“खरंच रडतात, दसरू,” खुशाल म्हणाला. त्याचा आवाज फाटला, आणि या वेळी तो त्याचा स्वतःचाच होता. “मी खोटं बोललो. मलाच रडू आलं होतं. ऐकतोस का, मी खोटं बोललो.”

दसरूने वर पाहिलं आणि तो हसला, साहेब माणसाने आपली कीव केली की हसतात तसा.

“राहू द्या जी,” तो म्हणाला, आणि खुशालच्या हातातला रिकामा कप धुवायला घेऊन गेला.